केसपेपरवर काम लिहा

(नाका कामगारांच्या वस्तीतल्या युवक शिबिरात केलेलं भाषण. जसं बोललं गेलं तसंच बहुतेक ठेवलं आहे.)



मला आरोग्यावर बोला म्हणून सांगितलंय. मी डॉक्टर नाही. हात धुवा, पाणी उकळा, दारू सोडा हे सांगायला लोक गाड्या घेऊन वस्तीत येतातच, फोटो काढून जातात. ते मी बोलणार नाही. मी छातीत जाणाऱ्या धुळीवर बोलणार आहे.

आपल्या कवितांत रक्त पुष्कळ असतं. आग असते, मशाल असते, ज्वालामुखी तर दर अंकात एक तरी फुटतो. धूळ नसते. मीही कधी लिहिली नाही. कारण धूळ ही काय लिहायची गोष्ट आहे? बाप कामावरून आला की अंगणात कपडे झटकायचा, आई ओरडायची, लांब झटका. एवढंच. पण त्या झटकलेल्या धुळीनं आपली जितकी माणसं नेलीत, तितकी कुठल्याच दंगलीत गेलेली नसतील. त्यांची यादी नाही कुणाकडे. यादी का नाही, तेच सांगायला उभा आहे.

सकाळी साडेसातला नाक्यावर जा. जालना, परभणी, बीड, नांदेड, लातूर. बौद्ध, मातंग, वडार, लमाण. आता झारखंडचे आदिवासी, बंगालचे मुसलमानही आहेत. मग त्यांच्यातल्या कुणाच्या मागं साइटवर जा आणि वरपासून खालपर्यंत आडनावं विचारत या. एसीच्या केबिनमध्ये नकाशा घेऊन कोण बसलंय, सुपरवायझर कोण, मिस्त्री कोण, ब्रेकर कुणाच्या हातात आहे, संध्याकाळी कोरडा झाडू घेऊन सगळा मजला कोण झाडतंय. शेवटचं उत्तर बहुतेक बाईचं असेल, आणि तिचं पोर तिथंच झोळीत असेल. जात ही माणसांच्या कामाचीच नाही, काम करणाऱ्या माणसांचीच उतरंड लावते, असं बाबासाहेबांनी १९३६ सालीच मांडून ठेवलंय. साइटवर ती उतरंड मोजता येते. जितकी पायरी खाली, तितकी धूळ जास्त.

आमच्या तात्यांची गोष्ट सांगतो. तात्या म्हणजे माझे चुलते. १९७२ च्या दुष्काळात सोळा वर्षांचे होते, दुष्काळी कामावर खडी फोडायला बसले. त्याच साली मुंबईत आपली पोरं पँथर काढत होती, आणि गावाकडे आपलीच पोरं हातोडीनं दगड फोडत होती. पुढं तात्या मुंबईला आले. आधी बिगारी, घमेली वाहिली. मग कुणीतरी मशीन हातात दिली. ग्रॅनाइट कापायची मशीन. त्या काळात शहरात ज्याला-त्याला स्वयंपाकाचा ओटा काळ्या ग्रॅनाइटचा पाहिजे झाला होता. रोजी बिगाऱ्याच्या दुप्पट. तात्या खूश. 'मशीनवाला' म्हणायचे लोक. आमच्या घरात पहिला पंखा तात्यांनी आणला.

पंधरा-सोळा वर्षं त्यांनी ग्रॅनाइट कापला, घासला, पॉलिश केला. कोरडाच. मग खोकला लागला. जिना चढताना मध्ये थांबायला लागले. दवाखान्यात गेले, फोटो काढला, छातीत डाग. टीबी. सहा महिने गोळ्या. बरं वाटलं नाही. वर्षानं पुन्हा टीबी, या खेपेला इंजेक्शनंही. पुन्हा तेच. थुंकी दरवेळी तपासायचे, जंतू एकदाही सापडला नाही. तरी टीबीच. मी तिसऱ्यांदा सोबत होतो म्हणून मला आठवतंय, डॉक्टरनं काय काय विचारलं. बिडी ओढता का? दारू पिता का? घरात अजून कुणाला आहे का? किती जण एका खोलीत झोपता? चार प्रश्न. चारही प्रश्नांत दोष आमचा. काम काय करता, हे त्यानं विचारलं नाही.

विचारलं ते एका शिकाऊ डॉक्टर पोरीनं. फोटो उजेडासमोर धरला आणि म्हणाली, यांनी दगडाचं काम केलंय का? तात्या एवढे हसले! म्हणाले, बाई, दगडाचंच तर केलं जन्मभर. ती साहेबाकडे गेली, परत आली, तोंड पडलेलं. साहेब म्हणाले होते, टीबी लिही, औषध तरी फुकट मिळेल. साहेब दुष्ट नव्हते. टीबीला सरकारी औषध आहे, रजिस्टर आहे, रकाना आहे. तात्यांना जे झालं होतं त्याला रकाना नव्हता. २००१ साली तात्या गेले. दाखल्यावर क्षय.

त्या आजाराचं नाव सिलिकोसिस. नाव अवघड वाटलं तरी पाठ करा, पुढं कारण सांगतो.

सिलिका म्हणजे गार. लहानपणी दोन गारगोट्या घासून आपण ठिणग्या पाडायचो, ती गार. वाळूत असते, काँक्रीटमध्ये असते, विटेत असते, दगडात कमी-जास्त असते. आपला सह्याद्रीचा काळा पाषाण त्यातल्या त्यात बरा, त्यात मोकळी गार थोडी. ग्रॅनाइटमध्ये तिसरा हिस्सा धरा. राजस्थानच्या वालुकाश्मात त्याहून कितीतरी जास्त. आणि हल्ली ते कारखान्यात बनवलेले क्वार्ट्झचे ओटे निघालेत, पांढरे, चकचकीत, लिंबाचा डाग पडत नाही म्हणतात, त्यात नव्वद टक्क्यांच्या वर. ते कोरडे कापणारी पोरं पाच-दहा वर्षांतच, ऐन पंचविशी-तिशीत, छाती धरून बसतात. ऑस्ट्रेलियात अशा पोरांची संख्या इतकी झाली की १ जुलै २०२४ पासून तो दगडच त्या देशानं बंद केला. आपल्याकडे जाहिराती चालू आहेत.

आता हे नीट ऐका. जी धूळ तुम्हाला दिसते, नाकात काळी होऊन बसते, ती मारत नाही. ती शिंकेत, थुंकीत निघते. मारते ती न दिसणारी. केसाच्या जाडीच्या पंधरा-वीस हिश्शांपैकी एक हिस्सा, इतका बारीक कण. तो नाकाच्या केसांतून सुटतो, नळीतून सुटतो, पार शेवटच्या फुग्यापर्यंत जातो, जिथं हवा रक्तात मिसळते. तिथं शरीराच्या पहारेकरी पेशी असतात. बाहेरचं काही आलं की गिळून टाकायचं, हे त्यांचं काम. जंतू गिळला तर पचतो. दगड कसा पचणार? पेशी मरते, फुटते, कण पुन्हा मोकळा. दुसरी पेशी येते, गिळते, मरते. असं चालू राहतं, आणि प्रत्येक ठिकाणी जखमेवर वण धरावा तसं फुफ्फुस आतून घट्ट होत जातं. गाठी धरतात. स्पंजाचं चामडं होतं. काम सोडलं तरी हे थांबेलच असं नाही, कारण कण आतच आहे. ताजा कापलेला दगड जुन्या धुळीपेक्षा जास्त विषारी. झालेला वण पुसणारं औषध जगात कुठंही नाही.

आणि त्या मेलेल्या पहारेकरी पेशी, टीबीच्या जंतूशी लढायचं कामही त्यांचंच. म्हणून ज्याच्या छातीत गार बसली त्याला टीबी होण्याचा धोका कितीतरी पट वाढतो. म्हणजे कधी टीबी नसताना टीबी लिहितात, कधी खराच टीबी असतो पण दगडानं आणलेला. म्हणून माझं ऐकून कुणी टीबीच्या गोळ्या बंद करू नका, मी आधीच सांगितलंय, मी डॉक्टर नाही. गोळ्या पूर्ण घ्या. फक्त टीबी लिहून केसपेपर बंद करू देऊ नका.

का? कारण टीबी लिहिलं की गुन्हेगार जंतू. फार तर गुन्हेगार आपली खोली, आपली बिडी, आपली गरिबी. सिलिकोसिस लिहिलं की प्रश्न येतो, धूळ कुणाची? कुणाच्या साइटवर? पाणी का नव्हतं? सिलिकोसिस हा धंद्यातून झालेला आजार आहे, १९४८ च्या फॅक्टरी कायद्यापासून तो कळवायच्या आजारांच्या यादीत आहे, त्यावर भरपाई लागते. एका शब्दानं पेशंटचा फिर्यादी होतो. म्हणून तो शब्द लिहायला सगळ्यांचेच हात जड होतात.

हे इथलंच आहे असं समजू नका. आपण पँथर हे नाव ज्यांच्याकडून घेतलं त्या अमेरिकेतल्या काळ्यांची गोष्ट सांगतो. १९३० साल, मंदी, उपासमार. वेस्ट व्हर्जिनियात हॉक्स नेस्ट नावाच्या ठिकाणी डोंगरातून पाण्यासाठी बोगदा काढायचा होता. काम युनियन कार्बाइडचं. हो, तीच, जिनं १९८४ साली भोपाळ मारलं. दक्षिणेतून हजारो मजूर आणले, चारात तीन काळे. डोंगर निघाला जवळजवळ शुद्ध गारेचा. पाणी मारून ड्रिल केलं तर काम हळू होतं म्हणून कोरडं ड्रिल केलं. साहेब लोक आत यायचे तेव्हा मास्क लावून यायचे. मजुरांना मास्क नाही. तिथं दहा-पंधरा वर्षं लागली नाहीत, महिन्यांत माणसं मरायला लागली. कंपनीचे डॉक्टर काय सांगायचे? न्यूमोनिया झालाय. 'टनेलायटिस' झालाय. बोगदा-ताप म्हणा! असा आजार कुठल्या पुस्तकात नाही. काही काळ्या मजुरांना मक्याच्या शेतात पुरलं. १९३६ साली अमेरिकन संसदेच्या समितीपुढे चौकशी झाली. पुढं १९८६ साली एका डॉक्टरनं जुनी कागदपत्रं उकरून हिशेब मांडला, तेव्हा मेलेल्यांचा आकडा निदान ७६४ धरावा लागला. पन्नास वर्षं लागली, कारण मेले तेव्हा नावच खोटं लिहिलं होतं.

आता मुंबईत या. ऑक्टोबर २०२३ मध्ये शहराची हवा बिघडली. टीव्हीवर बोंब, हायकोर्टानं स्वतःहून दखल घेतली, महापालिकेनं बांधकामांसाठी नियम काढले. एक एकराच्या वरच्या प्लॉटभोवती पस्तीस फूट उंच पत्रा लावायचा. हिरवं कापड टाकायचं. धुकं उडवणाऱ्या तोफा आणायच्या. वाईट नाही, करायलाच पाहिजे. पण पत्रा कशासाठी? आतली धूळ बाहेर जाऊ नये म्हणून. आत कोण आहे? त्या नियमांत मजुरांना मास्क, गॉगल, हेल्मेट हेही एका ओळीत आहे, नाही असं नाही. पण दंड करायला आलेला माणूस पत्रा फुटांत मोजतो. ब्रेकर मारणाऱ्या पोराच्या नाकापाशी यंत्र धरून धूळ मोजताना मी तरी कुणाला बघितलेलं नाही. सगळ्या शहराची हवा सुधारावी म्हणून आपल्या माणसांभोवती पस्तीस फुटांची भिंत. वेशीबाहेर ठेवायचे ते आता वेशीच्या आत कोंडतात, एवढाच बदल.

वरळीच्या बीडीडी चाळी पाडून टॉवर होतायत. १४ ऑगस्ट २०२५ ला पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या. मला आनंद आहे, त्यात आपली माणसं आहेत, १९७४ च्या दंगलीत त्याच चाळींतून लढलेली आहेत. पण असल्या शंभर वर्षांच्या भिंती पाडतो कोण, हेही विचारा. आणि जुनं सिमेंटचं छप्पर उतरवताना पत्रा हातोडीनं फोडतात, त्यात अॅस्बेस्टॉस असतो. त्याचा कॅन्सर वीस-चाळीस वर्षांनी उगवतो. आपल्या झोपड्यांवरही तोच पत्रा होता. तो विषय वेगळा, पुन्हा केव्हातरी.

तर करायचं काय? पहिलं, गूळ. हसू नका. गूळ खाल्ला की धूळ उतरते म्हणून साइटवर गूळ वाटतात, मुकादम कौतुकानं वाटतो. गूळ जातो पोटात, धूळ आहे फुफ्फुसात. दोन नळ्या वेगळ्या आहेत. गूळ खा, गोड आहे, पण तो धुळीचं औषध म्हणून घेऊ नका. दारूचंही तेच.

दुसरं, गमछा. गमछ्यातून डोळ्यांना दिसणारी धूळ अडते, न दिसणारी सरळ जाते. निळा कागदी मास्कही तसाच. एन-९५ लागतो, तोंडाला घट्ट बसलेला, आणि तो मे महिन्यात ब्रेकर मारताना आठ तास घालून दाखवा मला. म्हणून मास्क शेवटचा उपाय, ठेकेदाराला तो पहिला वाटतो कारण तो स्वस्त आहे आणि घातला नाही तर दोष मजुराचा. पहिला उपाय पाणी. पात्याखाली पाण्याची धार असली की धूळ तिथंच चिखल होते. बाटलीच्या झाकणाला भोक पाडून एक जण धार धरतो, एक जण कापतो, आपल्या पोरांनीच काढलेली युक्ती आहे. ठेकेदार नाही म्हणतो, कारण दोन माणसं लागतात आणि घरमालकाची फरशी खराब होते. एक गोष्ट मात्र पोरांची खरी आहे, पाणी आणि करंट. उघड्या वायरवर ओली मशीन चालवून मरण्यापेक्षा धूळ बरी, असं एकानं मला सुनावलं. त्याला उत्तर आहे, गळती झाली की करंट तोडणारा स्विच बोर्डावर लावायचा. तो ठेकेदारानंच लावला पाहिजे. मागायचा. संध्याकाळी झाडायच्या आधी पाणी मारायचं, हे बायांनी मुकादमाला विचारायची गरजच नाही, मारून मोकळं व्हायचं.

आता कायदा. बांधकाम मजुरांसाठी १९९६ साली कायदा झाला, बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर बसला, महाराष्ट्रात नियम व्हायला २००७ उजाडलं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ते सगळं नव्या श्रम संहितांच्या पोटात गेलंय. उपकर आहे, मंडळ आहे, आणि नव्वद दिवस काम केल्याचा दाखलाही आहेच. नाक्यावरच्या माणसाचा मालक रोज सकाळी बदलतो, त्यानं नव्वद दिवसांचा दाखला कुणाकडून आणायचा? पैसा मात्र जमतो. कुठं जातो? मजुरांच्या या पैशातून लॅपटॉप आणि वॉशिंग मशिनं घेतल्याचं २०१७ साली सुप्रीम कोर्टापुढे आलं, न्यायमूर्तीही चक्रावले. तरी नोंदणी करा. शिव्या देत करा, पण करा.

आणि हे होतं, हे सांगायला अलीराजपूरला नेतो तुम्हाला. मध्य प्रदेशातले अलीराजपूर, झाबुआ, धार. तिथले भिल-भिलाले शेजारी गुजरातमध्ये गोध्रा, बालासिनोरकडे गारेचा दगड दळायच्या कारखान्यांत जायचे. पीठ दळावं तसा दगड दळायचा. तरणी पोरं परत आली आणि एकामागून एक मेली. गावात म्हणायचे भूतबाधा, दवाखान्यात म्हणायचे टीबी. ते आदिवासी आणि त्यांच्या संघटना बसल्या आणि घरोघर यादी केली. कोण गेला, कुठल्या कारखान्यात, किती दिवस, केव्हा मेला. ती यादी घेऊन मानवाधिकार आयोगाकडे, सुप्रीम कोर्टाकडे. २०१० साली आयोगानं २३८ मेलेल्यांसाठी भरपाई सांगितली, गुजरात सरकार अडून बसलं, आणि २०१६ साली सुप्रीम कोर्टानं प्रत्येकाच्या घरी तीन-तीन लाख द्यायला लावले. राजस्थानात खाणमजूर लढले, तिथं २०१९ पासून धोरणच आहे, वैद्यकीय मंडळानं सिलिकोसिस प्रमाणित केला की जिवंतपणी तीन लाख, मेल्यावर घरच्यांना दोन. माणसाची किंमत पाच लाख हे काय बोलायचं आहे? पण तात्यांचा आकडा शून्य होता. तीन लाख आणि शून्य यांत फरक पडला तो एका यादीनं.

१७०० साली इटलीत रामाझ्झिनी नावाच्या डॉक्टरनं कारागिरांच्या आजारांवर पुस्तक लिहिलं. डॉक्टर जे प्रश्न विचारतात त्यांत त्यानं एक वाढवला, तुझं काम काय? सव्वातीनशे वर्षं झाली. आपल्या दवाखान्यात तो अजून पोचायचाय, तर आपण घेऊन जाऊ. वस्तीतल्या कुणालाही खोकला घेऊन दवाखान्यात नेलंत, तर डॉक्टरनं विचारलं नाही तरी सांगायचं, साहेब, हा माणूस अमुक वर्षं ग्रॅनाइट कापतो, हे लिहा. 'मजूर' लिहून चालणार नाही. काय कापतो, कोरडं का ओलं, किती वर्षं. लिहीपर्यंत खुर्ची सोडायची नाही. भांडायचं नाही, नुसतं बसायचं. छातीचा फोटो आपल्याजवळ ठेवायचा, हरवायचा नाही, तोच पुरावा आहे. फुंकर मारून श्वास मोजायची तपासणी असते, तीही मागायची.

मी एक वही केलीय. दोनशे पानी, साधी. नाव, गाव, कुठलं काम, किती सालापासून, कुठल्या साइटवर, मुकादम कोण, दम लागतो का, टीबी किती वेळा. आतापर्यंत आपल्याच दोन गल्ल्यांतली एकतीस नावं झालीत. त्यांतल्या अकरा जणांनी दोनदा टीबीची औषधं घेतलीत. हे काही शास्त्र नाही, मी आकड्यांवर भाषण ठोकणार नाही, दोन गल्ल्यांत काय कळणार? नाक्यावर पाचशे माणसं उभी असतात. मला एकट्याला जमत नाही, आणि माझं अक्षर वाईट आहे. ज्यांची कविता अंकात छापून येते त्यांचं अक्षर बरं असेल असं धरतो.

बायांची नावं घ्यायला मुली पाहिजेत, मला बाया दमाबद्दल सांगत नाहीत, लाजतात, काही नाही भाऊ म्हणतात. वडारवाडीत जायला तिथलाच कुणी पाहिजे.

सोमवारी सकाळी साडेसात, नाक्यावर चहाच्या गाडीपाशी. आठनंतर माणसं टेम्पोत बसून निघून जातात, म्हणून उशीर करू नका.